पाचवीचा हजेरीपट

जूनमध्ये शाळा सुरू झाली, की पाचवीच्या वर्गावर पहिल्या दिवशी दरवर्षी एक गंमत ठरलेली असायची. पहिल्या तासाची घंटा व्हायची, मी खडू-डस्टर उचलून बाहेर पडायची आणि चार-सहा पोरं दप्तरं पाठीला लावून माझ्या मागोमाग चालायला लागायची. मी विचारायची, ‘कुठं निघालात रे?’ ती म्हणायची, ‘बाई, शाळा सुटली ना!’ प्राथमिक शाळेत गुरुजी सकाळी एकदा वर्गात आले की संध्याकाळपर्यंत तेच. ते निघाले म्हणजे शाळा सुटली, हा चार वर्षांचा अनुभव. माणूस तासाला बदलतो आणि शाळा मात्र चालूच राहते, हे त्या लेकरांच्या गावीही नसायचं.

मी एका हायस्कूलमध्ये तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं पाचवीची वर्गशिक्षिका होते. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या रांगेवर पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी अशी तालुक्याची गावं आहेत, त्यांतल्याच एका गावातली ही गोष्ट. तहसील कचेरी, एसटी स्टँड, आठवडी बाजार, कापसाची आणि सोयाबीनची आडत, आणि आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांची पोरं जिथं येतात अशी दोन-तीन हायस्कुलं. हायस्कूल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं दहावी येते. बोर्डाचा निकाल, पेढे, वर्तमानपत्रात फोटो. त्याच इमारतीत मागच्या बाजूला, मुतारीजवळच्या खोल्यांत, पाचवी-सहावीचे वर्ग भरतात. त्यांच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. या लहान मुलांचं वर्ष जून ते मे कसं जातं, ते आज सांगायचं आहे.

पाचवी हायस्कूलमध्ये का, हा प्रश्न आधी सोडवू. महाराष्ट्रात पूर्वीपासून पहिली ते चौथी प्राथमिक आणि पाचवी ते दहावी हायस्कूल अशी वाटणी रुळलेली आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानं पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी रचना केली. त्यानुसार पाचवीचे वर्ग प्राथमिक शाळांना जोडायचे आदेशही निघाले. काही ठिकाणी जोडले गेले, पण कितीतरी गावांत पाचवी हायस्कूलमध्येच राहिली. ती तशी राहायला कारण आहे. हायस्कूलला पट हवा असतो, कारण विद्यार्थ्यांच्या संख्येवर शिक्षकांची पदं मंजूर होतात. त्याला संचमान्यता म्हणतात. पाचवीचा वर्ग गेला की एखाद्या शिक्षकाच्या खुर्चीखालची जमीन सरकते. आई-बापांनाही मूल ‘हायस्कूलला’ जातं असं सांगायला बरं वाटतं. सगळ्यांची सोय होते. दहा वर्षांच्या मुलाची होते का, हे मात्र कुणी विचारत नाही.

त्या मुलाचं एका दिवसात काय काय बदलतं बघा. गुरुजींचे सर होतात आणि बाईंच्या मॅडम. मला तर जुलै संपेपर्यंत अर्धी पोरं ‘बाई’ आणि अर्धी ‘मॅडम’ म्हणायची, मला दोन्ही चालायचं. पेन्सिल जाते, पेन येतं. पेननं लिहिलेलं खोडता येत नाही, हे कळेपर्यंत पहिल्या महिन्यातल्या वह्या ओल्या बोटांनी घासून घासून भोकं पडलेल्या असतात. प्रत्येक विषयाची वेगळी वही, प्रत्येक विषयाला वेगळा माणूस, प्रत्येकाची वेगळी सवय. गणिताच्या सरांना समास उजवीकडं नको असतो, विज्ञानाच्या मॅडमना आकृती पेन्सिलीनंच हवी असते. वेळापत्रक नावाची गोष्ट प्रथम कळते. उद्या काय आहे ते आजच बघून दप्तर भरायचं असतं, आणि ज्या घरात दिवे गेले की दप्तर चाचपून भरावं लागतं तिथं पोर आपलं सगळंच घेऊन येतं. सहा-सात किलोचं दप्तर घेऊन दोन-तीन किलोमीटर चालत येणारी पोरं मी पाहिली आहेत. खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, मुलांनाही सवलत असते. पण तांड्यापर्यंत एसटी जावी लागते ना! शिवाय एसटी येते तिच्या वेळेला आणि शाळा भरते शाळेच्या वेळेला.

भाषांचं तर विचारू नका. मराठी शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून सुरू व्हायची. आमच्या पिढीनं ए-बी-सी-डी पाचवीतच गिरवली. जून २००० पासून ती पहिलीला आली. तेव्हा आम्हा पाचवीच्या शिक्षकांना वाटलं, चला, आता पोरं तयार होऊन येतील. तयार पोरं आली, नाही असं नाही, पण अक्षरं ओळखणं आणि वाचणं यात अंतर आहे हे सगळ्यांना लवकरच कळलं. हिंदी मात्र पाचवीतच नव्यानं येते. आमच्याकडं बंजारा तांड्यांवरची पुष्कळ मुलं. ती घरी गोरमाटी बोलतात. शाळेची मराठी हीच त्यांची दुसरी भाषा. म्हणजे पाचवीत त्यांच्या डोक्यावर एकाच वेळी चार भाषा. एकदा एका मुलीनं निबंधात पहिली ओळ मराठीत, दुसरी हिंदीत आणि गाईचं नाव गोरमाटीत लिहिलं होतं. मी तिला दहापैकी सात गुण दिले. स्टाफरूममध्ये त्यावरून थोडी चर्चाही झाली.

एक बरं झालं, ते म्हणजे जेवण. शाळेत शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००१ मध्ये दिला, त्यानंतर खिचडी शिजू लागली. आधी ती पाचवीपर्यंतच होती, सहावी ते आठवीला ती २००८ मध्ये मिळाली. मधली ती काही वर्षं मला आठवतात. पाचवीचं पोर जेवायचं आणि सहावीतली त्याची बहीण खिडकीतून बघायची. नियमानं पाचवीला १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावीपासून १५० ग्रॅम. आमच्या खिचडीवाल्या मावशींचा पळा मात्र सगळ्यांना एकच असायचा. पोर किती भुकेलं आहे ते बघून त्या पळा कमी-जास्त तिरका करायच्या.

आता मुद्द्याचं. पाचवीत येणाऱ्या प्रत्येक वर्गात काही मुलं अशी असतात, की ज्यांना धड वाचता येत नाही. मी चौथीच्या गुरुजींना दोष देत नाही. एका खोलीत दोन-दोन, तीन-तीन वर्ग सांभाळणारे गुरुजी मी पाहिले आहेत. पण त्यांना निदान हे माहीत असतं, की या पोराला वाचता येत नाही. हायस्कूलमध्ये ते कुणालाच माहीत नसतं. आठ शिक्षक येतात, प्रत्येकजण पस्तीस-चाळीस मिनिटं शिकवतो आणि जातो. मराठीच्या बाईंना वाटतं, लाजतोय. गणिताच्या सरांना वाटतं, उदाहरण समजलं नाही. इतिहासाच्या सरांना वाटतं, घरी अभ्यास करत नाही. आठ जणांनी आठ वेगळी कारणं काढलेली असतात आणि खरं कारण एकच असतं.

मुलं ते लपवण्यात फार हुशार असतात. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याचं नाव मुद्दामच सांगत नाही. वाचायला उठवलं की धडा घडाघडा म्हणायचा. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये एकदा मी त्याला मधल्याच परिच्छेदापासून वाचायला सांगितलं. तो सुरुवातीपासून म्हणू लागला. मी म्हटलं, ‘तिथून नाही रे, इथून.’ मी बोट ठेवलं. तो माझ्या बोटाकडं बघत राहिला. मग मला दिसलं, की त्याच्या पुस्तकाचं पान दुसरंच उघडं होतं. शेजारचा मुलगा घरी मोठ्यानं वाचायचा, ते ऐकून यानं अख्खा धडा पाठ केला होता. बाकावरचं दुसरं कुणी हसलं नाही. त्यांना सगळ्यांना हे माहीत होतं. वर्गातल्या साठ-बासष्ट जणांत माहीत नव्हतं ते फक्त मला.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज मधल्या सुट्टीत चार-चार मुलांना जवळ बसवून, कधी न पाहिलेल्या चार ओळी वाचायला द्यायच्या. बियाण्याच्या पिशवीवरच्या, एसटीच्या तिकिटावरच्या, लग्नपत्रिकेतल्या. पुस्तकातल्या नाहीत. तीन आठवड्यांत वर्गाची खरी यादी तयार व्हायची. हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं मी ती लिहून ठेवायची. पेन्सिलीनं अशासाठी, की नाव पुसता यावं.

ही घाई का, ते सांगते. आमच्याकडं शाळेचं वर्ष कागदावर जून ते मे असतं, पण खरं वर्ष दसऱ्यापर्यंत. त्यातही नागपंचमी, पोळा, महालक्ष्म्या, सोयाबीनची काढणी, कापसाची पहिली वेचणी. बाजाराच्या दिवशी वर्ग निम्मा. त्यातल्या त्यात एक दिवस पोरांना आवडतो, १७ सप्टेंबर. मराठवाड्यात त्या दिवशीही झेंडावंदन होतं. पाचवीत दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, ‘मॅडम, मागच्याच महिन्यात स्वातंत्र्य मिळालं होतं ना? परत कसं मिळालं?’ मग त्यांना सांगायचं, की १९४७ च्या १५ ऑगस्टला आपल्याकडं निजामाचं राज्य होतं. आपल्याला अजून तेरा महिने वाट पाहावी लागली, १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत. आपल्याच जिल्ह्यात आंबेजोगाईच्या शाळेत मुख्याध्यापक असलेले स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे पुढारी होते, हे ऐकलं की पोरं सरळ बसायची. हेडसरसुद्धा लढाई करतात, ही त्यांना मोठी बातमी वाटायची.

दसऱ्यानंतर ऊसतोड सुरू होते. ज्यांना ही गोष्ट लांबून माहीत आहे त्यांना वाटतं, की लोक दसरा झाला की उठतात आणि जातात. तसं नसतं. जाणं ठरतं ते पावसाळ्यातच. पेरणीला पैसे लागतात, कुणाचं लग्नाचं कर्ज असतं, कुणाचं दवाखान्याचं. मुकादम उचल देतो, म्हणजे हंगामाच्या कामाचे आगाऊ पैसे. ती एका कोयत्यामागं मिळते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. बाई गेली नाही तर उचल निम्मी, म्हणून बाईला जावंच लागतं आणि बाई गेली की पोरांचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे आम्ही जूनमध्ये ‘पाचवी अ, पाचवी ब’ अशा तुकड्या पाडत असतो, त्याच सुमाराला घराघरांत कोणतं पोर बरोबर न्यायचं आणि कोणतं आजीपाशी ठेवायचं याचा हिशेब चाललेला असतो. अगदी तान्हं असेल तर बरोबर. पाच-सहा वर्षांचं असेल तर कुठंही चालतं. पण दहा वर्षांचं पोर कामाचं असतं. ते खोपीवर लहान भावंड सांभाळतं, बैलांना पाणी दाखवतं, वाढं बांधायला हात लावतं. पाचवीतलं पोर नेमकं याच वयाचं असतं.

पोरगं वर्गात गप्प बसतं, त्याला वाचता येत नाही, कोणत्याच सरांना त्याचं नाव ठाऊक नाही, अशी बातमी घरी पोचलेली असते. पोरं सांगत नाहीत, पण घराला कळतंच. मग बाप म्हणतो, ‘नाहीतरी तिथं काय करतंय? चल आमच्यासंगं.’ आणि हे सगळं घडतं ते दिवाळीच्या सुट्टीत, शाळेला कुलूप असताना. सहामाहीच्या पेपरला असलेलं पोर सुट्टीनंतर नसतं. त्याला कुणी जाताना पाहिलेलं नसतं.

एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. शाळांनी खोटी नावं तर चढवली नाहीत ना, हे बघायला एकाच वेळी सगळीकडं तपासणी पथकं गेली आणि मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. ३, ४ आणि ५ ऑक्टोबर असे तीन दिवस. ६ तारखेला दसरा होता. आमच्याकडं सगळी पोरं हजर. पथकातले साहेब खूश. पोरं एकमेकांना बोटं दाखवत होती, ‘आम्ही पण मत टाकलं!’ पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्यातली कितीतरी बोटं सांगली, कोल्हापूर, बेळगावकडं गेली. शाई तिथंच, उसाच्या पाचटात पुसली गेली असेल. तीच मोजणी जानेवारीत झाली असती तर काय आकडा निघाला असता, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला. मी तो बोलून दाखवला नाही. पट टिकायला आम्हालाही हवा होताच.

हिवाळ्यातला वर्ग वेगळाच दिसतो. तीन-तीन पोरांच्या बाकावर एक-एक. आवाज घुमतो. स्नेहसंमेलनाला मुलं कमी पडतात, म्हणून एकच मुलगा एका नाटकात शेतकरी आणि दुसऱ्यात पोलीस होतो. जी राहिलेली असतात त्यांतली चार हुशार मुलं नवोदयच्या परीक्षेचा अभ्यास करत असतात. ती परीक्षा पाचवीतच असते. जिल्ह्याचं नवोदय विद्यालय गढीला आहे, सहावीला जागा ८०. अख्ख्या जिल्ह्यातून ८०. त्या चौघांसाठी आम्ही जादा तास घ्यायचो. गेलेल्या पंचवीसांसाठी कुठला तास घ्यायचा, हे वेळापत्रकात बसत नव्हतं.

कायद्यात त्यांच्यासाठी तरतूद आहे, हेही सांगायला हवं. मूल ज्या गावात जाईल तिथल्या शाळेनं त्याला दाखल करून घ्यायचं. दाखला आलेला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयानुसार वर्ग द्यायचा आणि मागं पडलं असेल तर विशेष शिकवणी द्यायची. निघताना मुलाजवळ द्यायचं शिक्षण हमी पत्रकही असतं. त्याआधी कारखान्यांजवळ साखरशाळा चालायच्या, पण त्या मुख्यतः खालच्या वर्गांच्या. पाचवीतलं पोर तिथं फार तर भावंडाला सोडायला जायचं. आणि एक व्यवहाराची गोष्ट. टोळी एका जागी राहत नाही. हा फड संपला की दुसरा, कधी दहा किलोमीटरवर, कधी तीस. पहाटे तीन-चारला आई-बाप उठून फडात जातात. उरलेल्या पोरानं परक्या गावातली शाळा शोधत जायचं, तिथल्या पोरांनी ‘कोयतेकऱ्याचं’ म्हणून चिडवलेलं सोसायचं आणि तेवढ्यात पुन्हा खोपी मोडायची. कायदा चांगला आहे. दहा वर्षांच्या मुलाला तो एकट्यानं बजावून घेता येत नाही.

माझी चूक इथंच होती. कितीतरी वर्षं मी नोव्हेंबरपासून हजेरीपटावर त्या नावांपुढं ‘गै’ लिहीत गेले. गैरहजर. लाल पेननं, सुबक अक्षरात. मला वाटायचं, मी माझं काम करते आहे. धडा पाठ म्हणणारा तो मुलगा, मघाशी सांगितला तो, त्या वर्षी दिवाळीनंतर आला नाही. ऑगस्टमध्ये त्याचं गुपित मला कळलं होतं. सप्टेंबरभर मी त्याला बसवून बाराखडीपासून घेतलं. जोडाक्षरांपर्यंत आला होता. दिवाळीला जाताना मी त्याला म्हटलं, ‘सुट्टीत रोज एक पान वाच हं.’ तो हो म्हणाला. मार्चच्या शेवटी एक दिवस तो वर्गाच्या दारात उभा. उन्हानं रापलेला, डाव्या हाताच्या अंगठ्यावर पाचटानं कापल्याची आडवी खूण. आत आला नाही. म्हणाला, ‘मॅडम, माझं नाव आहे का अजून?’

नाव होतं. नाव आम्ही कुणाचंच काढत नव्हतो. मी पट उघडून त्याला दाखवला. त्यानं आपलं नाव बोट ठेवून वाचलं आणि मग पुढची लाल अक्षरं वाचली. गै, गै, गै, गै. तेवढं त्याला वाचता येत होतं. मला विचारलं, ‘हे काय लिहिलंय?’ मला सांगता आलं नाही.

पुढच्या वर्षापासून आम्ही काही जणांनी, म्हणजे मी, गणिताचे एक सर आणि आमचे शिपाईमामा यांनी, सप्टेंबरमध्ये एक बैठक घ्यायला सुरुवात केली. पालकांची नाही, आज्यांची. पालकसभेला बाप येतो, मान हलवतो आणि जातो. त्याची उचल उचलून झालेली असते, त्याच्या हातात काही नसतं. पोर मागं ठेवायचं की नाही हे शेवटी आजीच्या तब्येतीवर आणि तिच्या घरातल्या पिठाच्या डब्यावर ठरतं. हे मला शिपाईमामांनी सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या घरात तसंच झालं होतं. पहिल्या वर्षी पाच आज्या आल्या. त्या बाकावर बसेनात, खालीच बसल्या. एक म्हणाली, ‘बाई, लेकरू माझ्यापाशी ऱ्हाईल वो, पर त्याला सांजच्याला खाऊ काय घालू? दुपारचं तुमी घालता. आन् दिवाळीच्या सुट्टीत दुपारचं बी न्हाई.’

हा हिशेब बी.एड.ला कुणी शिकवला नव्हता. सुट्टीत खिचडी बंद असते आणि सुट्टीतच टोळ्या निघतात. मागं राहणाऱ्या मुलांच्या दोन वेळच्या जेवणासाठी सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण यादी, तपासणी, मंजुरी होऊन ते सुरू होईपर्यंत मधले दोन-तीन आठवडे पोराच्या पोटाचं काय, याचं उत्तर कुठल्या कागदावर नव्हतं. आम्ही काही मोठं केलं नाही. वसतिगृहाची यादी दिवाळीनंतर करायची ती सप्टेंबरमध्येच करून ठेवली. मधल्या दिवसांसाठी आडतीवरच्या दोघा-तिघांकडून ज्वारी मागितली. ती त्यांनी दिली. शिक्षकांनीही वर्गणी काढली, कुरकुर करत का होईना. पुढं २०२१ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आणली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. तोवर मी निवृत्त झाले होते. वसतिगृहात मूल राहणं ही चांगली सोय आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला अजून आजी लागते, असं मला वाटतं. माझं मत जुनाट असेल.

आज्यांच्या बैठकीनं सगळं पालटलं असं समजू नका. मुलांपैकी काही राहू लागली, मुलींचं अवघडच होतं. मुलगी दहा-अकराची झाली की आजी म्हणते, ‘पोरीची जात, म्या म्हातारी, माझ्याच्यानं राखणं व्हायचं न्हाई. आईपाशीच बरी.’ यावर मी काय बोलणार? तिची भीती खोटी नव्हती. मुलींसाठी आम्ही एवढंच केलं, की निघताना मराठीचं आणि गणिताचं पुस्तक, दोन वह्या आणि माझा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं बरोबर दिली. पाच पोस्टकार्डं दिली की एखादं यायचं. एका मुलीनं सांगली जिल्ह्यातून लिहिलं होतं, की इथं नदीला पाणी आहे आणि ते कुणी विकत घेत नाही.

फेब्रुवारी-मार्चपासून पोरं परतायला लागतात. एकदम नाही, टोळी सुटेल तशी. कुणाचा कारखाना लवकर बंद होतो, कुणाचा एप्रिल उजाडला तरी चालू असतो. वर्गात भूगोलाचा शेवटचा धडा चाललेला आणि नुकतंच आलेलं पोर दुसऱ्या धड्यावर. शिक्षण हक्क कायद्यानंतर आठवीपर्यंत कुणालाच मागं ठेवायचं नव्हतं, त्यामुळं ती मुलं सरळ सहावीत जायची. तो नियम आता राहिलेला नाही. केंद्रानं २०१९ मध्ये कायदा दुरुस्त केला, महाराष्ट्रानं २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाला तर फेरपरीक्षा, त्यातही नापास झाला तर पुन्हा पाचवी. पूर्वीच्या ढकलगाडीचा मला राग होता, तो मी लपवत नाही. वाचता न येणारं मूल आठवीपर्यंत पोचायचं ते त्यामुळंच. पण वर्षातले पाच महिने जे मूल फडात होतं, त्याला आपण नेमकं कशात नापास करणार आहोत? आणि एकदा पाचवीत राहिलं, की त्या घराला दसऱ्याला पुन्हा विचार करायची गरज उरेल का? माझ्या जागी आता ज्या मॅडम आहेत त्या म्हणतात, फेरपरीक्षेच्या आधीचे आठवडे त्यांना खऱ्या अर्थानं शिकवायला मिळतात, कारण तेव्हा सगळी पोरं गावात असतात. हेही खरं आहे. जूनच्या आधीच त्यांची पेन्सिलीची यादी तयार होत असेल.

तो अंगठ्यावर खूण असलेला मुलगा सहावीत गेला. त्याच्या आजीला मी सप्टेंबरच्या बैठकीला स्वतः जाऊन घेऊन आले. त्या वर्षी तो राहिला. हिवाळ्यात रिकाम्या वर्गात त्याला पहिल्या बाकावर जागा मिळाली. जानेवारीत एकदा तो माझ्या पाचवीच्या वर्गाबाहेर उभा राहून दारावरचा फलक वाचत होता. ‘पाचवी ब. पट बासष्ट. हजर एकोणचाळीस.’ वाचून झाल्यावर मला म्हणाला, ‘मॅडम, तेवीस गेले.’

१ मेला झेंडावंदन झाल्यावर निकाल वाटतात. त्या वर्षी त्याची आई-बापं नुकतीच कारखान्यावरून आली होती, तरी प्रगतीपुस्तक घ्यायला आजीच आली. अंगठा उठवला, पुस्तक उलटंच धरून बराच वेळ बघितलं आणि नातवाच्या हातात दिलं. त्यानं ते सुलटं करून तिला वाचून दाखवलं, विषयाचं नाव आणि पुढची श्रेणी, एकेक करून. मग ती मला म्हणाली, ‘बाई, मुकादम येऊन गेला. औंदा सून म्हणती, याला बी न्यायचा.’ मी म्हटलं, ‘आजी, शाळा पंधरा जूनला उघडते. त्या दिवशी त्याला पाठवा. आणि सप्टेंबरच्या बैठकीला येताना या खेपेला सुनेलाही आणा.’ ती बरं म्हणाली, पदर सावरून उठली आणि जाता जाता विचारलं, ‘त्या दिशी खिचडी असती का?’